जुन्या स्टीरिओच्या पाठीमागे : स्पीकर-जोडणीचा वाद आज कुठे आहे?

जुन्या अँप्लिफायरला स्पीकर जोडायचा कसा, हा १९७० च्या दशकात कुणाला प्रश्नच वाटला नसता. खोक्यात आलेली वायर सोलायची, टोकाला पीळ द्यायचा, टर्मिनलमध्ये खुपसायची आणि रेकॉर्ड लावायची. त्या यंत्रांना आता पन्नास वर्षं होत आली. ती पुन्हा मागणीत आली आहेत आणि त्यांच्या पाठीवरच्या चार-आठ टर्मिनलांवरून हौशी मंडळींत चांगलंच जुंपतं. उघडी वायर बरी की बनाना पिन? सोन्याचा मुलामा घ्यावा की साधं निकेल चालेल? मूळ टर्मिनल काढून नवं बसवलं तर यंत्र सुधारलं की बिघडलं? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत काउंटरवर हा विषय काढून पाहा, प्रत्येक दुकानदार ठाम असतो आणि शेजारच्याशी सहमत नसतो.

या वादाची एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. तो बहुतेक वेळा आवाजाचा वाद म्हणून मांडला जातो. प्रत्यक्षात त्यातले बरेच मुद्दे पकडीचे, मापाचे आणि सुरक्षिततेचे आहेत. ते बाजूला काढले की आवाजाचा म्हणून जो मुद्दा उरतो तो खरा आहे, पण लहान आहे. या आढाव्यात म्हणून आवाजाचा नंबर उशिरा येतो.

पाठीवर काय काय असतं

१९५० आणि ६० च्या दशकांतल्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवर स्क्रूची पट्टी असायची. बॅकेलाइटची किंवा तशाच कडक प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर एका ओळीत स्क्रू, आणि प्रत्येकाशी आकडा : ४, ८, १६ ओहम आणि एक कॉमन. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वेगवेगळ्या टॅप इथे बाहेर काढलेल्या असत. १९५९ चा डायनाको एसटी-७० याच जातीचा. अशा पट्टीला यू आकाराचा लग, म्हणजे आपले इलेक्ट्रिशियन ज्याला थिंबल म्हणतात तो, मूळचाच शोभतो.

स्पीकरच्या बाजूलाही प्रकार पाहायला मिळतात. अमेरिकेच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या एआर-३ए या १९६७ च्या स्पीकरच्या पाठीवर दोनऐवजी तीन टर्मिनलं आहेत : १, २ आणि टी. २ आणि टी यांना जोडणारी धातूची एक छोटी पट्टी असते. नवा मालक साफसफाई करताना ती पट्टी 'कशाला हवी' म्हणून काढतो आणि मग ट्वीटर गेला म्हणून रडतो. ट्वीटर ठणठणीत असतो, त्याच्याकडे जाणारी वाट तेवढी काढून टाकलेली असते.

युरोपात वेगळीच चाल होती. तिथे डिन ४१५२९ या मानकाची दोन पिनी चालत असे : मधे एक चपटी पाती आणि बाजूला एक गोल पिन. गोल पिन धन, चपटी ऋण. उलटी बसण्याची सोयच नाही, त्यामुळे घरातलं कुणीही निर्धास्तपणे लावू शके. काही सॉकेटांना चपट्या खाचेच्या दोन्ही अंगांना गोल छिद्रं असत. पिनी एका बाजूनं लावली तर यंत्राच्या आतला स्पीकर बंद व्हायचा, फिरवून लावली तर दोन्ही वाजायचे. ग्रुंडिग, टेलिफुंकेन, फिलिप्स, बँग अँड ओलुफसेन यांनी ही पिनी वर्षानुवर्षं वापरली, आणि फिलिप्समुळे ती आपल्याकडेही ओळखीची झाली. तिची अडचण एकच : वायर जाडी नको. पिनीच्या आत जागा इवलीशी, आणि जाड वायर कशीबशी कोंबून डाग दिला तर पिनीचं प्लॅस्टिक वितळतं.

जपानी रिसीव्हरांनी स्प्रिंग क्लिप घरोघर पोचवली. पायोनियर, सान्सुई, केनवुड, अकाई, टेक्निक्स यांची १९७० च्या दशकातली यंत्रं पाहा. लाल-काळ्या पट्ट्या, दाबल्या की भोक उघडतं, सोडल्या की वायर धरली जाते. पायोनियरनं दशकाच्या सुरुवातीला काही रिसीव्हरांना स्वतःचीच दोन पिनी वेगळी ठेवली होती. आज यंत्र मिळतं आणि पिन्या हरवलेल्या असतात, तेव्हा त्यांची किंमत कळते. आखातात नोकरीला गेलेल्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसांनी सुट्टीवर येताना जी यंत्रं आणली त्यांत हा जपानी माल पुष्कळ होता. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या बाजारात स्प्रिंग क्लिप जास्त भेटते आणि स्क्रूची पट्टी क्वचित.

स्वस्तातल्या सेटांत स्पीकरसाठीही आरसीए सॉकेट वापरलेलं दिसतं. तिथे धोका उघड आहे. इनपुट आणि स्पीकरचं भोक सारखंच, आणि अंधारात हात कुठे जाईल सांगता येत नाही.

राहिली बनाना पिन. ४ मिलिमीटर व्यासाची ही पिन १९२४ च्या सुमाराची. जर्मनीचे रिखार्ट हिर्शमान आणि अमेरिकेची जनरल रेडिओ कंपनी असे तिचे दोन दावेदार आहेत, आणि निकाल अजून लागलेला नाही. ती प्रयोगशाळेतून आली, आणि घरगुती स्टीरिओत १९८० नंतर स्थिरावली. मुद्दा एवढाच की बहुसंख्य जुन्या यंत्रांची रचना बनाना पिनेसाठी झालेलीच नव्हती. आजचा अर्धा वाद या विसंगतीतून येतो.

मिलिओहमचा हिशेब

जोडणीचं काम काय? प्रवाह जाऊ द्यायचा, आणि तो रोज सारखाच जाऊ द्यायचा. दोन धातू एकमेकांवर टेकतात तेव्हा ते सगळ्या पृष्ठभागावर टेकत नाहीत, खरखरीत पृष्ठभागाच्या मोजक्या उंचवट्यांवर टेकतात. दाब वाढला की हे उंचवटे चेपतात आणि खरा स्पर्श वाढतो. म्हणून चांगल्या जोडणीत धातूच्या जातीआधी दाब पाहायचा असतो.

आता आकडे. आपल्या बाजारात '४०/७६' म्हणून जी फ्लेक्सिबल वायर मिळते तिच्यात ०.००७६ इंच जाडीचे ४० धागे असतात, म्हणजे साधारण १.१७ चौरस मिलिमीटर तांबं. अँप्लिफायरपासून स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर, आणि रोध साधारण ०.१५ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरवर यानं आवाज ०.१६ डेसिबलनं घटतो. '१४/७६' ही बारीक वायर घेतली तर रोध ०.४२ ओहमवर जातो आणि घट ०.४४ डेसिबल. पण स्पीकर सगळ्या स्वरांना ८ ओहम नसतोच. कुठे ४, कुठे ३० असा तो हलतो. बारीक वायरीवर त्यामुळे काही स्वर पाऊण डेसिबलपर्यंत मागे-पुढे होतात, आणि हे सावध कानाला कळू शकतं. मॅकिंटॉश कंपनीत स्पीकर घडवलेले रॉजर रसेल यांनी सांगितलेला नियम असा की वायरीचा एकूण रोध स्पीकरच्या इम्पिडन्सच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा. ८ ओहमला ०.४ ओहम. १४/७६ पाच मीटरवर ही मर्यादा जेमतेम ओलांडते.

या हिशेबात पिना कुठे बसतात? एका स्पीकरला चार जोड : दोन अँप्लिफायरकडे, दोन स्पीकरकडे. घट्ट, स्वच्छ जोडाचा रोध काही मिलिओहम असतो. ५ धरला तर चार जोडांचे मिळून ०.०२ ओहम, आणि आवाजातली घट ०.०२ डेसिबल. स्वच्छ जोड असेल तर कुठल्या जातीचा, यानं आवाजाच्या पातळीत नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. गंजलेल्या, सैल जोडाचा रोध मात्र कितीतरी पट होतो आणि तो एका जागी राहत नाही. ट्रक गेला की बदलतो, पंखा लावला की बदलतो.

एक गोष्ट दुरुस्ती करणाऱ्यांना पक्की ठाऊक असते आणि खरेदी करणाऱ्यांना सहसा नसते. जुन्या रिसीव्हरात बाहेरच्या टर्मिनलपेक्षा आतला ए-बी स्पीकर स्विच आणि संरक्षणाचा रिले हे जास्त खराब झालेले असतात. लक्षण ठरलेलं आहे : हळू आवाजात एक बाजू गायब किंवा चिरकी, व्हॉल्यूम वाढवला की एकदम उघडते, पुन्हा कमी केला तरी थोडा वेळ टिकते. स्पर्शबिंदूवर चढलेला थर मोठ्या प्रवाहानं तात्पुरता फुटतो, म्हणून असं होतं. लोक मग महागड्या पिना आणतात, आणि पिन बसवताना केलेल्या खटपटीत स्विच दोन-चारदा फिरलेला असतो. आवाज सुधारतो. श्रेय पिनेला.

मोजून पाहायचं तर साध्या मल्टिमीटरचा उपयोग नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.१ ओहमच्या वर असतो. जोडातून १ अँपिअर सोडून जोडाच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजावे. जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिओहम.

तीन पक्ष

पहिला पक्ष उघड्या वायरीचा. त्यांचं म्हणणं सरळ आहे : पिन लावली की एकाचे दोन जोड होतात, वायर ते पिन आणि पिन ते सॉकेट. मग मधला माणूस हवा कशाला? स्प्रिंग क्लिप आणि स्क्रू दोन्ही मुळात उघड्या वायरीसाठीच बनवलेले. म्हणणं बरोबर आहे. पण उघडं तांबं काळवंडतं, पारदर्शक प्लॅस्टिकच्या वायरीत तर ते आतल्या आत हिरवं होत जातं, आणि दर वेळी काढता-घालताना दोन-चार धागे तुटतात. तुटलेला एक धागा शेजारच्या टर्मिनलला टेकला की काय होतं, ते पुढे येतंच.

क्लिपमध्ये वायर घालण्याचीही रीत आहे. साधारण १० मिलिमीटर सोलायची. कमी सोलली तर क्लिपची धार प्लॅस्टिकवर बसते आणि तांब्याला टेकतच नाही, जास्त सोलली तर उघडं तांबं बाहेर राहतं. पीळ वायरीच्या मूळ वळणाच्याच दिशेनं द्यायचा. क्लिपचं भोक लहान असतं : १.५ चौरस मिलिमीटरची वायर बहुतेक ठिकाणी जाते, २.५ ची जात नाही. मग लोक निम्मे धागे कापून टाकतात. विजेच्या दृष्टीनं यात फारसं बिघडत नाही, कारण तो अडसर सेंटिमीटरभरच लांब असतो. तरी जाड वायरीला पैसे मोजून तिचं तोंड कात्रीनं बारीक करायचं हे काही मनाला पटत नाही.

इथेच एक पोटवाद आहे : टोकाला सोल्डर लावावं का? लावणारे म्हणतात, धागे विखुरत नाहीत, तांबं झाकलं जातं. न लावणारे म्हणतात, सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू सरकतं आणि काही महिन्यांत स्क्रू सैल होतो. स्क्रूबाबत दुसरी बाजू निःसंशय बरोबर आहे, विजेच्या कामातही सोल्डर लावलेलं टोक स्क्रूखाली धरत नाहीत. स्प्रिंग क्लिपमध्ये मात्र स्प्रिंग मागे-मागे येत दाब राखते, त्यामुळे तिथे सोल्डरवाल्यांचं म्हणणं टिकतं. दोघांनाही चालेल असा तिसरा मार्ग म्हणजे क्रिंप केलेला फेरूल, म्हणजे टोकावर दाबून बसवलेली पातळ नळी. इलेक्ट्रिकल पॅनल बनवणारे तो रोज वापरतात. स्टीरिओवाल्यांचं तिकडे फारसं लक्ष गेलेलं नाही, कारण त्याच्यावर सोनं नसतं.

दुसरा पक्ष बनाना पिनेचा. त्यांचा मुद्दा सोयीचा आहे आणि तो हलका नाही. ज्याच्याकडे तीन अँप्लिफायर आणि दोन जोड्या स्पीकर आहेत, तो दर रविवारी वायरी सोलत बसणार नाही. पिनेची स्प्रिंग चांगली असेल तर पकड वर्षानुवर्षं टिकते. पण पिनांतही जाती आहेत. बाजूला फुगीर पात्या असलेली पिन अनेक ठिकाणी टेकते, मधून चिरलेली स्वस्त पिन चार-सहा वेळा काढली की चेपते आणि मग सॉकेटमध्ये नुसती लोंबते. शिवाय स्प्रिंग क्लिपवाल्यांसाठी बनाना पिन हा प्रश्नच नाही, भोकच वेगळं. त्यांच्यासाठी पुढे सुई आणि मागे नळी असलेल्या पिना मिळतात. पण त्यांचं वजन आणि लांबी त्या जुन्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर पडते, आणि पन्नास वर्षांचं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं.

तिसरा पक्ष लगचा. स्क्रूखालचा लग हा तिन्हींत सर्वात जास्त दाबाचा जोड. वायरीला तो नीट क्रिंप केला तर धागे आणि नळी मिळून इतके घट्ट होतात की आत हवा शिरत नाही, आणि हवा नाही तर गंज नाही. क्रिंप मात्र हत्यारानं करायची, पक्कडीनं चेपायची नाही. आणि स्क्रू आवळताना हात आवरायचा. जुनी पट्टी तडकण्याआधी सूचना देत नाही. 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि स्क्रू नटासकट फिरू लागतो.

सोनं, निकेल, पितळ

सोनं गंजत नाही, हे निर्विवाद. म्हणून मिलिअँपिअर आणि मिलिव्होल्टच्या कामात, जिथे थर फोडायला ताकदच नसते, तिथे ते लागतं. स्पीकरच्या वायरीत ताकद असते : ५० वॉट ८ ओहममध्ये म्हणजे २.५ अँपिअर. तिथे सोन्याची गरज किती, याबद्दल मतभेद आहेत. सोन्याखाली निकेलचा थर नसेल तर खालचं तांबं वर झिरपतं आणि मुलामा काळवंडतो, त्यामुळे 'सोन्याची' म्हणून घेतलेली स्वस्त पिन दोन पावसाळ्यांत पितळेची दिसायला लागते. आणखी एक गोष्ट कनेक्टर बनवणारे फार पूर्वीपासून सांगत आले आहेत : सोनं आणि कथील एकमेकांसमोर ठेवू नये. बारीक कंपनांनी कथलाचा थर घासला जातो, त्याचं ऑक्साइड साचतं, आणि सोन्याच्या बाजूवर चिकटतं. जुन्या यंत्रांची टर्मिनलं पुष्कळदा कथील चढवलेलीच असतात. तिथे निकेलची साधी पिन हा अधिक शहाणपणाचा सौदा, असं माझं मत आहे.

'शुद्ध तांब्याची पिन' ही जाहिरात तपासून पाहण्यासारखी आहे. पितळ तांब्याच्या तुलनेत कमी वाहक, हे खरं. पण ४ मिलिमीटर जाडीच्या २ सेंटिमीटर भरीव पितळेचा रोध होतो साधारण ०.१ मिलिओहम. पिनेचा धातू बदलून या दशांशात बचत करायची आणि स्पर्शबिंदूवरचे ५ मिलिओहम तसेच ठेवायचे, यात पैशाखेरीज काही जात नाही.

आवाज बदलतो का?

हा वाद आधी वायरीवरून पेटला. १९७० च्या दशकाच्या मध्यात फ्रान्समध्ये जाँ हिरागा यांनी वायरीनं आवाज बदलतो असं लिहिलं. १९७९ मध्ये अमेरिकेत नोएल ली यांनी मॉन्स्टर केबल कंपनी काढली आणि स्पीकरची वायर ही स्वतंत्रपणे विकायची वस्तू झाली. लगोलग मोजणारे पुढे आले. अँप्लिफायर बनवणारे नेल्सन पास यांनी १९८० मध्ये 'स्पीकर बिल्डर'मध्ये वायरींची मोजमापं मांडली. १९८३ मध्ये 'स्टीरिओ रिव्ह्यू'नं लॉरेन्स ग्रीनहिल यांची चाचणी छापली, तिच्यात २४ गेजची अगदी बारीक वायर, १६ गेजची साधी वायर आणि मॉन्स्टर केबल यांची तुलना होती. बारीक वायर ओळखता येते, विशेषतः पिंक नॉइज वाजवला तर. साधी जाड वायर आणि महागडी केबल यांच्यात संगीत ऐकताना फरक सांगणं मात्र श्रोत्यांना जमलं नाही. १९९१ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात वायर, स्पीकर आणि अँप्लिफायर या तिघांचा एकमेकांवर होणारा परिणाम सविस्तर मोजून दाखवला.

या चाचण्या वायरीच्या आहेत, जोडणीच्या नाहीत. जोडणीबद्दलचे निष्कर्ष त्यांवरून अनुमानानं काढले जातात, आणि इथे दोन्ही बाजूंना बोलायला जागा मिळते.

फरक ऐकू येतो म्हणणारे एक तांत्रिक मुद्दा पुढे करतात. तांब्याचं ऑक्साइड अर्धवाहक असतं. १९२० च्या दशकात त्याचेच रेक्टिफायर बनत. रेडिओच्या मनोऱ्यांवर गंजलेल्या बोल्टमुळे नको असलेल्या लहरी तयार होतात, हे अभियंत्यांना माहीत आहे. मग स्पीकरच्या गंजलेल्या जोडात तसं का होणार नाही? नाही म्हणणारे आकडा दाखवतात : ५ मिलिओहमच्या जोडावर १ अँपिअरला ५ मिलिव्होल्ट पडतात, आणि एवढ्याशा दाबावर असा जोड साध्या रोधासारखाच वागतो. दोघांचं म्हणणं एकत्र बसू शकतं. गंजलेला जोड आवाज बिघडवू शकतो, स्वच्छ जोड नाही. वाद खरा आहे तो दोन स्वच्छ जोडांमध्ये फरक ऐकू येतो का, यावर.

तिथे पद्धतीचा पेच येतो. डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या दुहेरी-अंध तुलनेत दोन जोडण्यांमध्ये झटपट अदलाबदल करायची असते, पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवून. टीकाकार म्हणतात, अदलाबदल करणाऱ्या डब्यातच रिले असतात, म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची त्याच जातीचे आणखी दोन-चार जोड मधे आले. हा आक्षेप वायरीच्या चाचणीत कमजोर वाटतो, जोडणीच्या चाचणीत कमजोर वाटत नाही. हातानं पिना बदलायच्या तर मिनिटभर जातो, आणि कानाची स्मरणशक्ती तेवढा वेळ धरत नाही. माझा कल मोजणाऱ्यांकडे आहे. पण त्यांनी या आक्षेपाला अजून समाधानकारक उत्तर दिलेलं नाही, हेही नोंदवायला हवं.

लटकणारी वायर कुणाला चालते?

चर्चेत याला सर्वात कमी जागा मिळते, आणि निर्णय मात्र यावरच व्हायला हवा. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला जोड सुटणं धोक्याचं असतं. स्पीकर न लावता आवाज वाढवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब चढतो आणि त्याचं इन्सुलेशन फुटू शकतं. ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरला उलट आहे : जोड सुटला तर काही होत नाही, शॉर्ट झाला तर आउटपुट ट्रान्झिस्टर क्षणात जातात. १९६० च्या दशकातल्या कित्येक ट्रान्झिस्टर यंत्रांना संरक्षणाचा रिले नाही, आणि गेलेला ट्रान्झिस्टर आज त्याच नंबरचा मिळेल याची खात्री नाही. म्हणून व्हॉल्व्हवाल्यानं कधीच न सुटणारा लग घ्यावा आणि ट्रान्झिस्टरवाल्यानं धातू झाकलेली, धागा बाहेर न पडणारी जोडणी घ्यावी. एकच सल्ला दोघांना देणारा माणूस त्यांतल्या एकाचं नुकसान करतो.

वायर दोन्ही टोकांना बनाना पिनेची असेल तर आधी स्पीकरकडचं टोक लावायचं, अँप्लिफायर बंद ठेवून. उलट केलं तर चालू यंत्राच्या दोन उघड्या पिना जमिनीवर एकमेकींना भेटायला मोकळ्या.

ब्रिटनच्या नेम कंपनीच्या जुन्या अँप्लिफायरांचं प्रकरण वेगळं. त्यांनी आउटपुटला नेहमीची कॉइल ठेवली नाही, वायरीचंच इंडक्टन्स गृहीत धरलं, आणि वायर किमान ३.५ मीटर हवी असं सांगितलं. तिथे पिनेपेक्षा वायरीची जात आणि लांबी जास्त महत्त्वाची.

मेन्सच्या सॉकेटचा धोका आपल्याकडे जास्त लागू आहे. ४ मिलिमीटरची पिन युरोपच्या भिंतीतल्या सॉकेटात जाते, म्हणून १९९० च्या दशकापासून तिथे विकायच्या यंत्रांची बनाना भोकं प्लॅस्टिकच्या बुचांनी बंद केलेली असतात. आपण ती बुचं टाचणीनं उपटतो. आपल्या ५ अँपिअरच्या सॉकेटची भोकं साधारण ५ मिलिमीटरच्या पिनांसाठी, आणि फेज-न्यूट्रलमधलं अंतर १९ मिलिमीटर. जोड-बनाना प्लगच्या दोन पिनांतलं अंतरही पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर. शटर नसलेल्या जुन्या सॉकेटात तो प्लग अलगद बसतो. लहान मूल असलेल्या घरात हा प्लग दुसऱ्या टोकाला मोकळा पडू देऊ नये.

मूळ रूप की सोय

संग्राहकांचा एक गट म्हणतो, पाठीला हात लावायचा नाही. यंत्राची किंमत त्याच्या मूळपणात आहे, आणि चोर बाजारात पाठ फिरवून पाहणारं गिऱ्हाईक नवं भोक पाडलेलं पाहून किंमत निम्म्यावर आणतं. दुसरा गट म्हणतो, यंत्र वाजवायला आहे. तुटकी क्लिप जपून ठेवण्यात कसला मूळपणा? यांच्या मधे परतीचा रस्ता ठेवणारे आहेत. ते पत्र्याला भोक पाडत नाहीत, जुन्या क्लिपच्या स्क्रूच्याच भोकांवर बसेल अशी छोटी पट्टी करून तिच्यावर नवी टर्मिनलं लावतात आणि मूळ क्लिप पिशवीत घालून यंत्राच्या तळाला चिकटवतात. मला हे सर्वात समंजस वाटतं. पण दुर्मीळ यंत्राबाबत पहिल्या गटाशी वाद घालणं कठीण आहे, कारण आतला मूळ डागही एकदाच सोडवता येतो.

आधी स्वच्छता करून पाहावी, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस, क्लिपच्या आत जाईल असा बारीक ब्रश, आणि संपर्कासाठीचाच क्लीनर. सँडपेपर नको, तो मुलामाच काढतो. पुष्कळ 'मेलेल्या' क्लिपा एवढ्यानं जिवंत होतात. वायर पुन्हा जोडताना धन-ऋण तपासावं : १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावला की कोन बाहेर यायला हवा. जेबीएलचे अनेक जुने स्पीकर याला अपवाद आहेत, लाल टर्मिनलला धन दिलं की त्यांचा कोन आत जातो. दोन्ही स्पीकर एकाच जातीचे असतील तर चिंता नाही. एक जेबीएल आणि एक दुसरा असा संसार मांडणाऱ्यांनी जपावं.

काय सुटलेलं नाही

दोन स्वच्छ जोडांमधला फरक कानाला कळतो का, हे वर आलंच. दुसरा न सुटलेला प्रश्न मानकाचा. न्यूट्रिकचा स्पीकॉन १९८७ मध्ये आला. तो उलटा बसत नाही, शॉर्ट होत नाही, मेन्समध्ये जात नाही, आणि मांडववाल्यांपासून नाट्यगृहांपर्यंत सगळीकडे पोचला. घरात तो आला नाही. जुन्या यंत्रांवर तो बसवायचा तर पत्र्यात २४ मिलिमीटरचं गोल भोक पाडावं लागतं, आणि मग मूळपणाचा वाद पुन्हा पहिल्यापासून.

तिसरा प्रश्न हवेचा. टर्मिनलांविषयीचा बहुतेक सल्ला कोरड्या, थंड देशांत लिहिला गेला. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या खाऱ्या दमट हवेत क्रिंप केलेला लग जास्त टिकतो, की दर दिवाळीला टोक कापून नव्यानं सोललेली वायर, यावर इथल्या दुरुस्तीवाल्यांतच दोन तट आहेत. लगवाले सांगतात की क्रिंपच्या आतलं तांबं कापून पाहिलं तर चकचकीत निघतं. वायर कापणारे म्हणतात की गंज क्रिंपच्या मागे, प्लॅस्टिकच्या तोंडाशी सुरू होतो आणि तिथे तो दिसत नाही. दोघांकडे दाखवायला तुकडे आहेत.